विसर्ग पुढच्या वर्षी

आमच्या बाई टीव्हीवर मालिका लागली की आवाज बारीक करायच्या आणि जाहिरात लागली की मोठा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं रिमोट बिघडलाय. विचारलं तर म्हणाल्या, "मालिकेत कोण खोटं बोलायलंय ते शेवटपर्यंत कळत न्हाई बाबा. जाहिरातीत पहिल्या शब्दापासून कळतं. डोक्याला ताप न्हाई."

आणि नुसतं ऐकून गप्प बसतील त्या बाई कसल्या! प्रत्येक जाहिरातीला उलट उत्तर. "आता नव्या रूपात!" असा साबण ओरडला की ह्या मेथी निवडता निवडता म्हणायच्या, "म्हणजे जुन्यात खोट होती. मग इतके दिवस विकलास कामून रे?" गोरं करणाऱ्या मलमाची पोरगी आरशात बघून लाजली की, "अगं, आधीच गोरी हायस की तू. खामखा कशाला चोळून राहिलीस?" पाण्याचं मशीन विकणारा डॉक्टरचा पांढरा कोट घालून आला की त्याला त्या नाव विचारायच्या, गाव विचारायच्या, दवाखाना कुठं म्हणून विचारायच्या. तो काही सांगायचा नाही. मग आमच्याकडं बघून एक भुवई उडवायच्या आणि मेथीकडं वळायच्या.

बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. नांदेडला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि इम्रान काम करायचो. त्या निवृत्त शिक्षिका, राहायला एकट्या. आवाज असा की नोकरीला लागलेला माजी विद्यार्थीसुद्धा रस्त्यात हाक आली तर शर्टाची बटणं तपासायचा. आणि त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. ज्या विषयावर बोलायचं नाही, तिथं त्या म्हणायच्या, "विसर्ग पुढच्या वर्षी." लग्न का केलं नाही? विसर्ग पुढच्या वर्षी. गच्चीची किल्ली कधी देता? विसर्ग पुढच्या वर्षी. ह्याचा अर्थ आम्हाला कळायचा नाही, पण पुढं विचारायचं नाही एवढं कळायचं.

आता आमचं काम. इम्रान चित्रं काढून हलवतो, मी लिहितो. जाहिरातींची टर उडवणारी कार्टून आम्ही आपल्या मराठवाडी बोलीत करतो आणि नेटवर टाकतो. शिव्या थोड्या, चावटपणा बेताचा, पण आजोबा आणि नातू एका पलंगावर बसून बघू शकणार नाहीत इतका नक्कीच. आधीच्या घरमालकानं एक नमुना बघितला आणि दुसऱ्या दिवशी आमचे कॉम्प्युटर जिन्यात आणून ठेवले. म्हणून बाईंकडं खोली बघायला गेलो तेव्हा आम्ही ठरवूनच गेलो होतो, की ह्या वेळी सगळं आधीच सांगून टाकायचं.

"काय करायलाव तुम्ही पोरं?" बाईंनी विचारलं.

"कार्टून बनवतो बाई," इम्रान म्हणाला. "पण लेकरांसाठी नाही. फक्त प्रौढांसाठी."

"प्रौढांसाठी?" बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "अजून चालू हाय ते?"

"हाव बाई. आता तर लई जोरात."

"सरकारी का खासगी?"

"खासगीच. सरकार कशाला करतंय असलं!"

"ते बी खरं. सरकारनं केव्हाच गुंडाळलं. मी स्वतः किती वर्षं केलंय, तिकडं किनवटच्या बाजूला होते तेव्हा."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. "तुम्ही... केलंय?"

"मग! शाळा सुटली की दुपारून बायकांचं असायचं. चोरून यायच्या बिचाऱ्या. सासूला कळलं तर पाठ सोलून निघायची. पण एकदा गोडी लागली की हटत नव्हत्या."

इम्राननं दाराकडं एकदा बघून घेतलं. तरी म्हणाला, "आता मोबाइलवर बघतात बाई. पण चोरूनच."

"म्हणजे काही बदललं न्हाई," बाई हळहळल्या आणि उठून चहा टाकायला गेल्या. मागची अंधारी खोली मागायला गेलो होतो, रस्त्याकडची उजेडाची मिळाली. जिना चढताना इम्रान माझ्या कानात म्हणाला, "यार, ह्या बाईंचं चरित्र आपल्याला झेपायचं नाही."

बाईंबरोबर रस्त्यानं जाणं हा एक वेगळाच प्रकार होता. त्या भिंती वाचायच्या. दुकानांच्या पाट्या, बोर्ड, पोस्टर, ट्रकच्या मागचं, सगळं, आणि तेही मोठ्यानं. एकदा त्यांच्या बहिणीकडं लातूरला निघाल्या, आम्हालाही तिकडं काम होतं, म्हणून एकाच एसटीनं गेलो. नांदेड सुटल्यापासून खिडकीशी बसून वाचन सुरू. ठिबक सिंचन. सळया. मंगल कार्यालय. पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा दचकून उठला. तिसऱ्यांदा त्यानं झोपायचा नाद सोडला आणि डाव्या बाजूचं तो वाचायला लागला.

लातुरात शिरताना क्लासवाल्यांचे बोर्ड सुरू झाले. लातूर म्हणजे क्लासचं माहेरघर, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो. बाईंनी नाकावरचा चष्मा वर ढकलला. "अगं बाई! ही पोरगी मागच्या बोर्डावर बी होती. दुसऱ्याच क्लासच्या." पुढच्या चौकात ती परत आली, तिसऱ्या क्लासच्या बोर्डावर, त्याच वेण्या, तेच न हसणारं तोंड. "तीन-तीन क्लास! लेकरू झोपलं कधी असंल?" एवढ्यावर आम्ही एक कार्टून केलं. त्यात ती पोरगी बोर्डावरून उतरते आणि तिन्ही क्लासवाल्यांना सांगते की मला कोणी शिकवलं ते तुम्ही आपसात ठरवा, तोवर मी झोपते. ते इतकं चाललं की लातूरच्या पोरांनी आम्हाला डोक्यावर घेतलं.

पण त्याच प्रवासात एक गोष्ट घडली. एका गावाबाहेर रस्त्याला लागून लांबलचक भिंत होती आणि तिच्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: "निराश पुरुषांनी निःसंकोच भेटावे." बाईंची गाडी "निरा"पर्यंत आली आणि खाडकन थांबली. त्या पर्समध्ये वेलदोडा शोधायला लागल्या.

"बाई, ते राहिलं की वाचायचं," इम्रान म्हणाला. त्याला कुठं थांबावं कळत नाही.

"त्यात विसर्ग हाय," बाई पर्समधून डोकं वर न काढता म्हणाल्या. "विसर्ग पुढच्या वर्षी."

आम्हाला कार्टूनच्या सुरुवातीला एक सूचना हवी होती, हे फक्त मोठ्यांसाठी आहे असं सांगणारी. बाईंचा आवाज घ्यावा असं माझ्या डोक्यात आलं. त्या लगेच तयार. आमच्या खोलीत गोधड्या टांगून माइक लावला होता, त्याच्यासमोर त्या पदर खोचून ताठ उभ्या राहिल्या. आम्ही एकच ओळ दिली होती. ती त्यांनी म्हटली आणि पुढं मनानंच म्हणत गेल्या: "फक्त प्रौढांसाठी. पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. येत नसेल तर लाजू नये, शेजारणीचे बघावे. हसू आले तर तोंडात पदर न कोंबता मोठ्याने हसावे."

आम्ही खाली बसून पोट धरलं. काय विनोद! काय टायमिंग! बाई आमच्याकडं बघत राहिल्या, जरा बुचकळ्यात पडल्यासारख्या, पण पोरं खुश आहेत म्हणून त्याही हसल्या. ती सूचना जशीच्या तशी प्रत्येक कार्टूनला लावली. लोक कार्टूनपेक्षा तिच्यासाठी यायला लागले. खाली लिहायचे, "पाटी घेतली बाई, करा सुरू." बाईंनी मात्र आमचं एकही कार्टून बघितलं नव्हतं. मोबाइलचा पडदा त्यांना डोळ्याला सोसत नव्हता, आणि आम्हीही आपणहून दाखवायला गेलो नाही.

मग एका दुपारी चहा पिताना त्यांनी चंद्राबाईची गोष्ट सांगितली.

किनवटकडं नोकरीला असताना बाईंकडं साक्षरतेचा वर्ग होता, बायकांचा. पुस्तकं आलीच नाहीत. आली ती वाळवी लागून आली. मग बाई बायकांना घेऊन गावातून फिरायच्या आणि भिंतींवरून शिकवायच्या. खताची भिंत, बियाण्याची भिंत, तपकिरीची भिंत. प्रत्येक भिंत म्हणजे एक धडा.

"सगळ्या शिकल्या," बाई म्हणाल्या. "एक राहिली माझी. चंद्राबाई. सगळ्यांत चुणचुणीत डोळे तिचे, आन् नावाच्या पुढं गाडी हलली न्हाई. परीक्षेला साहेब आले, बाकीच्यांनी चार-चार ओळी लिहिल्या, हिनं नुसतं नाव लिहून पाटी पालथी घातली. मग वर्गच बंद झाला. अजून डोळ्यापुढून जात न्हाई बघा ते. मीच कुठंतरी कमी पडले." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणून तुम्ही आलाव तेव्हा मला इतकं बरं वाटलं. प्रौढ शिक्षण कार्टूनमधून! पुस्तकानं न्हाई झालं ते चित्रानं होईल. मी निरोप धाडलाय. पुढच्या रविवारी येऊन राहिल्यात सगळ्या."

माझा चहा बशीत सांडला. इम्रान छताकडं बघत होता. पाटी-पेन्सिल! शेजारणीचे बघावे! अरे देवा, बाई एक अक्षर गमतीनं बोलल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात आम्ही सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. इम्रान गेला, त्याच्या तोंडात गरम थालीपीठ कोंबून त्याला परत पाठवलं. मी गेलो आणि म्हणालो, "बाई, प्रौढ ह्या शब्दाबद्दल जरा बोलायचं होतं." त्या सतरंज्या झटकत होत्या. "शब्दाचं नंतर बघू. विसर्ग पुढच्या वर्षी. हे टोक धर."

शेवटी इम्राननं सभ्य तेवढी कार्टून निवडून पेनड्राइव्हवर भरली. लातूरची पोरगी, साबणाचं एक, चहापावडरचं एक. म्हटलं, निभेल.

रविवारी किनवटच्या गाडीनं चौघी आल्या. "जयभीम बाई!" दारातूनच ओरडल्या आणि बाईंना एकीमागून एकीनं मिठी मारली. कुणाची नात तलाठी झालेली, कुणाचा मुलगा मास्तर. चंद्राबाई सगळ्यांत मागं, बारकी, काटक, मिशरीनं दात काळे, आणि हसू ओठात दाबून धरल्यासारखं तोंड. सतरंजीवर बसल्या आणि चौघींनी पिशव्यांतून पाट्या काढल्या. खऱ्या, लाकडी चौकटीच्या. एवढी वर्षं जपून ठेवलेल्या.

बाईंनी रिमोट हातात घेतला. त्यांचाच आवाज घुमला, पाटी-पेन्सिल घेऊन बसावे, आणि चौघींनी निमूट पाट्या मांडीवर घेतल्या. आणि त्या टीव्हीनं, त्याचं वाटोळं होवो, पेनड्राइव्हवर राहून गेलेलं जुनं कार्टून शोधून पहिल्यांदा लावलं. ते नेमकं भिंतीवरच्या वैद्याचं.

गोष्ट अशी, की भिंतीवर रंगवलेला एक वैद्य उन्हापावसात बसून बसून कंटाळलेला. फेटा उडालाय, मिशी अर्धी गेलीय, कुत्री येऊन पाय वर करून जातात. शेजारी लिहिलेलं, "निराश पुरुषांनी निःसंकोच भेटावे," आणि भेटायला कुणी येत नाही. त्या "निः"ची दोन टिंबं सुटून खाली पडतात, एक कोंबडी येते आणि टिपून खाते. वैद्य वैतागून भिंतीवरून उतरतो आणि घरोघर विचारत सुटतो, "निराश पुरुष आहेत का घरात?"

मी "लाईट घालव" म्हणून इम्रानला खुणावलं. तो मेन स्विचकडं सरकायला लागला. बाईंचा चेहरा बघवत नव्हता. रिमोट हातात होता आणि बटण सापडत नव्हतं. ज्या बायकांसमोर त्यांनी जन्मात पदर ढळू दिला नाही, त्यांना गाडीनं बोलावून, पाट्या घ्यायला लावून, त्यांच्यासमोर हे!

तेवढ्यात चंद्राबाई ओरडली, "बाई! कोंबडीनं विसर्ग खाल्ला!"

बाकीच्या तिघी फुटल्याच. पडद्यावर वैद्य एका दारात उभा होता आणि आतली बाई त्याला सांगत होती, "हाय की निराश पुरुष. पण त्यो मी अजून जिती हाय म्हणून निराश हाय." त्यावर एकीची पाटी मांडीवरून घरंगळली. तोंडात पदर कुणी कोंबला नाही. सूचनेप्रमाणे सगळ्या मोठ्यानं हसत होत्या.

बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांना बटण सापडलं. चित्र थांबलं, वैद्य एक पाय उचलून तसाच राहिला.

"चंद्रे," बाई म्हणाल्या, "ती टिंबं विसर्गाची होती हे तुला काय ठाऊक?"

चंद्राबाईनं पाटी पालथी घातली.

"वाच ते."

चंद्राबाईनं पडद्यावरच्या भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. बाईंकडं बघून घडाघडा म्हणाली, "निराश पुरुषांनी निःसंकोच भेटावे. गुप्तता पाळली जाईल." त्यातला विसर्ग असा स्वच्छ, की शाळा तपासणीला आलेला साहेब खुश झाला असता. आणि दुसरं वाक्य तर आमच्या भिंतीवर नव्हतंच.

"कुठं शिकलीस?"

"आपल्या गावात न्हाई का ती भिंत व्हती, स्टँडाच्या मागं? समद्या भिंती तुमी वाचून दावल्या. ती आली की म्हणायच्या, चला पुढं, त्यात विसर्ग हाय, विसर्ग पुढच्या वर्षी." चंद्राबाई आता पाटीच्या चौकटीशी खेळत होती. "म्या म्हणलं, अशी काय चीज हाय ती? मग एकलीच जायची. 'नि' निंबोळी पेंडीच्या भिंतीवरची. 'रा' रासायनिक खताचा. 'श' शेंगदाणा तेलाचा, 'पु' तपकिरीच्या पुडीचा, आन् त्यो पोटफोड्या 'ष' औषधाचा. समद्या भिंती तिथं नेऊन जुळवल्या. दोन टिंबं तेवढी कुठंच गावली न्हाईत. अंदाजानं 'ह' म्हणलं, आन् बसलं."

"मग सांगितलं कामून न्हाईस मला?" बाईंचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं मी..."

"काय सांगू बाई? वाचाया आलं म्हणलं असतं, तर तुमी विचारलं असतं, वाच बघू काय वाचलंस."

"आन् परीक्षेत? नुसतं नाव?"

"साहेब म्हणले, जे पाठ हाय ते लिवा. मला न चुकता ती भिंत तेवढी पाठ व्हती. ते लिवू का साहेबाला?"

आता बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रडण्याचं होतं का हसण्याचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या चंद्राबाईच्या पाठीत धपाटे घालत होत्या, "रांडेचे, मेले गं मी काळजीनं!" आणि चंद्राबाई धपाटे खात होती आणि काळे दात दाखवून हसत होती. बाईंच्या तोंडून ती शिवी आम्ही पहिल्यांदाच ऐकली. इम्रान स्विचपाशी उभ्या उभ्या डोळे पुसत होता. मीही पुसले, त्यात लपवायचं काय?

मग बाई आमच्याकडं वळल्या. "म्हणजे तुमचं प्रौढ ते हे होय?"

"हाव बाई."

"आन् माझं पाटी-पेन्सिल ऐकून लोक हसतेत?"

"लई हसतेत," इम्रान म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मला जिन्यात मांडलेले कॉम्प्युटर दिसायला लागले. चंद्राबाईच मध्ये पडली. "हसू द्या की बाई. आमी काय रडत शिकलो व्हय?"

"बरं," बाई म्हणाल्या आणि रिमोट माझ्या हातात दिला. "पहिल्यापासून लाव. आन् जाहिरात आली तर आवाज बारीक करू नको."

त्यानंतर ह्या बाईंचं काय झालं असं लोक आम्हाला विचारतात. काय व्हायचंय? आमच्या कार्टूनांतल्या सगळ्या सासवा त्याच बोलायला लागल्या, आणि मी लिहिलेली अर्धी वाक्यं "ह्यात मीठ न्हाई" म्हणून खोडायला लागल्या. आता आमची जागा बदलली, बाई तिथंच आहेत. पण मला त्या आठवतात त्या रविवारच्याच, चौघींना पोचवायला स्टेशनवर आलेल्या.

गाडी सुटायला वेळ होता. चौघी खिडकीशी बसल्या होत्या. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक भिंत होती, आणि तिच्यावर, रंग उडालेल्या मोठ्या अक्षरांत, तेच. बाईंनी ते बघितलं. मला वाटलं, आता वेलदोडा निघणार. पण त्यांनी पर्स माझ्याकडं दिली, पदर खोचला आणि छत्रीचं टोक भिंतीवर टेकवलं.

"लक्ष द्या सगळ्यांनी!" त्या ओरडल्या. पूर्ण प्लॅटफॉर्मनं लक्ष दिलं. "निराश!"

"निराऽश!" खिडकीतून चौघी म्हणाल्या.

"पुरुषांनी!"

"पुरुषांऽनी!"

बाईंनी छत्री त्या दोन टिंबांवर नेली आणि एकदा ह्या, एकदा त्या टिंबावर ठोकली. "आणि हा विसर्ग. नीट बघून घ्या, परत सांगणार न्हाई. निःसंकोच!"

"निःसंकोऽच!" गाडी हलली तरी आवाज येत होता, आणि त्यात सगळ्यांत वरचा चंद्राबाईचा.

भिंतीला टेकून बाकड्यावर एक गृहस्थ बसले होते. त्यांनी वर बघितलं, बाईंकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि पिशवी उचलून लांब जाऊन उभे राहिले.